परीचा डबा आणि राक्षसाचा डबा

हिरामण शेठचा बंगला पोर्चपर्यंत आला आणि तिथेच अडकला. फाटकावरचे दोन सिंह, फाटकाच्या आतली फरशी, फरशीच्या कडेची कुंडी, इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. पण पायरीवर पाऊल ठेवायची वेळ आली की कॉम्प्युटर घुर्र करायचा, पडदा निळा व्हायचा आणि सिंहांसकट बंगला गुडूप.

केसरीनाथ चहाचा पेला हातात धरून लेकीच्या खुर्चीमागे उभा होता. सकाळपासून हा बंगला त्याच्या डोळ्यांदेखत चौथ्यांदा गुडूप झाला होता.

"चढाला बैल अडतो ना, तसा अडतोय," तो म्हणाला. "मागनं कुनी तरी ढकलायला पायजे."

"ढकलायलाच कार्ड लागतं बाबा," उन्नती म्हणाली. "ग्राफिक्स कार्ड. ते चांगलं असेल तर बंगला पळेल. नसेल तर असाच पोर्चमध्ये बसून राहील."

खरं तर बंगला अजून कुठे नव्हताच. कोन गावाला रस्त्याच्या कडेला हिरामण शेठची जागा होती आणि तिच्यावर वाळलेलं गवत होतं. बंगला होता तो फक्त उन्नतीच्या कॉम्प्युटरात. कल्याणला दोन वर्षं जाऊन ती हे काम शिकली होती. घराची नुसती चित्रं नव्हेत, तर चालतं चित्र. फाटकातून आत शिरायचं, जिना चढायचा, खोल्यांतून हिंडायचं आणि गच्चीवरून खाली बघायचं, तेही एक वीट रचायच्या आधी. दोन हजार सहाचं साल होतं. त्यांच्या गावाच्या, पूर्ण्याच्या, आसपासच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहत होती आणि ज्यांच्या जमिनी गेल्या ते बंगले बांधत होते. अशा वेळी हे काम पिकणार, असा उन्नतीचा हिशेब होता. हिरामण शेठ हे तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक.

पण ते गिऱ्हाईक तिने मिळवलं नव्हतं, बापाने मिळवलं होतं. एका हळदीच्या मांडवात हिरामण शेठ सांगत होता की ठाण्याच्या एका कंपनीला काम देणार. केसरीनाथ आणि हिरामण लहानपणापासूनचे दोस्त. पन्नास माणसांत केसरीनाथ उठून म्हणाला, "ठाण्याला कशाला? माझी उन्नती करील. अक्षय्य तृतीयेला तुझ्या भूमिपूजनाच्या आधी तुला तुझ्या बंगल्यातनं फिरवून आनील. माझा शब्द."

शब्द दिला म्हणजे दिला. केसरीनाथच्या घराण्यात दिलेला शब्द आजवर कुणी परत घेतला नव्हता, आणि घेतला असला तरी ते कुणी केसरीनाथला सांगितलं नव्हतं. आता अक्षय्य तृतीया नऊ दिवसांवर आली होती आणि बंगला पोर्चमध्ये होता.

"किती लागतील?" त्याने विचारलं.

"बारा हजारांच्या आत बसवायचं. हे कार्ड करणाऱ्या मोठ्या कंपन्या दोनच आहेत. दोघींचंही एकेक चांगलं कार्ड बारा हजारांत येतं. एकीचे रंग चांगले म्हणतात, दुसरीचा वेग. मी उद्या कोनला जाऊन मापं घेते आणि परवा आपण भिवंडीला जाऊन बघू."

"परवा कशाला? तू मापं घे. कार्ड मी आनतो."

"बाबा, ते बघून घ्यावं लागतं."

"मग मी काय डोळे मिटून घेनार हाय?"

हे उन्नतीला मानावं लागलं, कारण बघून घेण्यात केसरीनाथचा हात धरणारा पूर्ण्यात कुणी नव्हता. आसपासच्या आठ गावांत ज्याला बैल घ्यायचा असेल तो आधी त्याच्या ओट्यावर येऊन बसायचा. केसरीनाथ बैलाचे दात बघायचा, वशिंडावरून हात फिरवायचा, दोन पावलं चालवायचा आणि मान हलवायचा. त्याने मान हलवलेला बैल नांगराखाली कधी बसला नाही. पुढे बैल गेले, पंप आले, टेम्पो आले, पण मान तीच राहिली. आणि या कामाचा त्याचा एक रिवाज होता. माल बघायला एकट्याने जायचं नाही, जाणती माणसं बरोबर न्यायची. आणि ज्याला माल वापरायचा त्याला मात्र न्यायचं नाही, कारण त्याचा जीव त्या वस्तूत अडकतो आणि भाव वाढतो. मुलगा बघायला जाताना मुलीला कुठे नेतात?

"घ्यायच्या आधी मला एक फोन करा," उन्नती निघताना एवढं म्हणाली.

"करतो ना," केसरीनाथ म्हणाला.

जाणतं माणूस म्हणून त्याने मेव्हण्याला बोलावलं. काळूराम म्हणजे बायकोचा, सीताबाईचा, धाकटा भाऊ. भिवंडीत त्याचे कापड विणायचे चोवीस लूम होते आणि जगातली कुठलीही वस्तू तो तिच्या मोटरवरून ओळखायचा. सीताबाईला वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्या आणायच्या होत्या, म्हणून तीही निघाली. तिघेजण काळूरामच्या जीपमधून भिवंडीत इश्तियाक मोमीनच्या दुकानात पोचले.

इश्तियाकच्या बापाचे लूम होते, पण पोराने कॉम्प्युटर धरला होता. त्याने बारा हजार ऐकले, वरच्या फळीवरून दोन डबे काढले आणि काउंटरवर ठेवले.

"चाचा, इस बजेट में ये दो ही हैं. दोनों टॉप."

नावं इंग्रजी होती आणि नावांपुढे आकडे होते. ते लक्षात ठेवायची कुणाला गरज पडली नाही, कारण डब्यांवर चित्रं होती. एका डब्यावर पंख असलेली एक बाई निळ्या रानातून उडत येत होती आणि तिने अंगावर फार कमी कपडे घेतले होते. दुसऱ्या डब्यावर लोखंडी जबड्याचा एक राक्षस कुऱ्हाड उगारून उभा होता.

"ही बाई माझ्या घरात येनार न्हाय," सीताबाई म्हणाली.

"चाची, बाई तो डब्बे पे है. अंदर मशीन है."

"डबा घरातच येनार ना? घरात देव्हारा हाय."

"आनि राक्षस चालतो देव्हाऱ्याला?" काळूरामने विचारलं.

"त्यानं अंगभर कपडे तरी घातलेत."

काळूरामने डबे उलटे करून मागची चित्रं बघितली. परीच्या कार्डावर एक पंखा होता, राक्षसाच्या कार्डावर दोन.

"भावजी, दोन पंखे म्हंजे दोन मोटरा. इथंच इषय मिटला."

"मामा, दो पंखे इसलिए कि वो ज़्यादा गरम होता है," इश्तियाक म्हणाला.

"गरम होतो म्हंजे काम करतो. माझे लूम बघ येऊन. जो गार हाय तो बंद हाय."

केसरीनाथने दोन्ही डबे एकेका तळहातावर घेऊन तोलले. राक्षस जड वाटला. पण हाताचा काय भरवसा, म्हणून काळूराम दोन्ही डबे घेऊन शेजारच्या सुताच्या दुकानात गेला. तिथे काटा होता. परी भरली चारशे ग्राम आणि राक्षस सहाशे.

"परी किलोला तीस हजार पडते," काळूराम परत येऊन म्हणाला, "आनि राक्षस वीस हजार. दहा हजाराचा फरक हाय किलोमागं."

त्याच्या मागोमाग सूतवालाही आला. किलोला तीस हजाराचा माल त्याने कधी पाहिला नव्हता.

इश्तियाकने कपाळाला हात लावला. "चाचा, आप बताओ. आपको क्या देखना है?"

"दात," केसरीनाथ सवयीने म्हणून गेला.

इश्तियाक हसला, पण त्याने खणातून एक जुनं उघडं कार्ड काढून समोर धरलं. कार्डाच्या खालच्या कडेला खरोखरच पिवळ्या दातांची एक ओळ होती. "ये देखो दाँत. सोने का पानी है. ये दाँत मदरबोर्ड के स्लॉट में बैठते हैं. अच्छा याद आया. आपका स्लॉट कौन सा है, पुराना कि नया? पिछले साल से बदल गया है. ये दोनों कार्ड नए वाले के हैं. पुराने में नहीं बैठेंगे."

केसरीनाथला स्लॉट म्हणजे खाच, एवढं समजलं. आपल्या कॉम्प्युटरात ती कुठली आहे हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. काळूराम त्याच्याकडे बघत होता, सीताबाई बघत होती आणि ज्याचा काही संबंध नव्हता तो सूतवालाही बघत होता.

"नवा," तो म्हणाला.

"पक्का?"

"घर माझं, कॉम्प्युटर माझा. मना म्हाईत नसनार?"

"फिर भी, एक फोन करके बेटी से पूछ लो."

खिशातला मोबाईल केसरीनाथला एकदम जड वाटला. आठ गावांचे बैल निवडणाऱ्या माणसाने भर दुकानात लेकीला फोन लावायचा आणि विचारायचं की पोरी, आपल्या घरात काय आहे? सूतवाला हे अख्ख्या बाजाराला सांगणार.

"नवाच हाय," तो म्हणाला. "पुढं बोल."

पण बोलणं पुढे सरकेना. काळूराम राक्षस सोडेना. सीताबाईला परी नको होती, पण राक्षस हवा होता असंही नाही. आणि केसरीनाथची मान, जी आजवर बैलापुढे आपोआप हलायची, ती या डब्यांपुढे ताठच राहिली. शेवटी त्याने बैलबाजारातली जुनी वाट काढली. दोन बैलांत मन ठरत नसेल तर दोन्ही घरी न्यायचे, जू लावून बघायचं, जो ओढील तो ठेवायचा आणि दुसरा परत करायचा.

"दोन्ही नेतो," तो म्हणाला. "आठ दिवसांत एक परत."

"चाचा, ये बैल नहीं है."

"पैसे दोन्हीचे घे ना. काळूराम, दुसऱ्याचे तू दे, परत आनला की तुझे तुला मिळतील."

रोख पैसे समोर आल्यावर इश्तियाक थोडा मऊ झाला. "ठीक है. मगर सील नहीं टूटनी चाहिए. सील टूटी तो माल आपका."

"मंजूर," केसरीनाथ म्हणाला.

सील न तोडता जू कसं लावायचं, हा प्रश्न त्या वेळी तिघांपैकी एकालाही पडला नाही. तो पडला पूर्ण्याच्या नाक्यावर. पण तोवर मिरच्याही घेऊन झाल्या होत्या आणि ऊन मरणाचं होतं, म्हणून कुणी जीप वळवली नाही.

घरी आल्यावर डबे खाटेवर ठेवून मेव्हणे-मेव्हणे ओट्यावर बसले. राक्षस का परी, यावर दोन वेळा चहा झाला. काळूरामचं म्हणणं होतं की पोरगी आली की राक्षसाचं सील तिलाच फोडू द्यावं. केसरीनाथचं म्हणणं होतं की घाई नको. बोलणं रंगात आलं आणि आत सीताबाई काय करते आहे याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

सीताबाईने मिरच्या अंगणात पसरल्या, हात धुतले आणि खाटेकडे पाहिलं. दुपारपासून दोन नव्या वस्तू घरात येऊन पडल्या होत्या आणि अजून कुणी त्यांना हळदीचं बोटदेखील लावलं नव्हतं. या घरात ट्रॅक्टर आला तेव्हा पूजा झाली, मिक्सर आला तेव्हा झाली आणि खुद्द कॉम्प्युटर आला तेव्हा तर नारळ फुटला होता. तिने परीचा डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे देवाला दिसायला नको, आणि भाजीच्या सुरीने दोन्ही डब्यांची सीलं कापली. कारण पूजा वस्तूची करायची असते, खोक्याची नव्हे. ट्रॅक्टरच्या वेळी काय तिने त्याच्या कागदांना कुंकू लावलं होतं?

आता हळद लावायची कुठे? ट्रॅक्टरला तिने चाकांना लावली होती, कारण चाकं काम करतात. दुकानात तो पोरगा सांगत होता की हे दातांनी काम करतं. म्हणून तिने ओली हळद बोटावर घेतली आणि दोन्ही कार्डांच्या सोन्याच्या दातांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-पाच बोटं ओढली. वर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि पंख्यांना एकेक झेंडूचं फूल अडकवलं. राक्षसाला दोन फुलं लागली.

केसरीनाथ पाणी प्यायला आत आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"हे काय केलंस?"

"पूजा."

"आनि सील?"

"कापली. कागदाचीच होती."

काळूराम मागून डोकावला. "भावजी," तो हळूच म्हणाला, "आता दोन्ही आपलीच."

"कळतंय मना."

"तुमीच म्हनालात ना, जू लावून बघनार," सीताबाई म्हणाली. "पूजा केल्याबिगर कधी जू लावलंय आपन?"

केसरीनाथ पाणी न पिताच खाटेवर बसला.

दिवे लागायच्या सुमाराला उन्नती मापांची टेप खांद्यावर टाकून घरी आली. खाटेवर हळदीने माखलेली दोन कार्डं आणि त्यांच्याभोवती गप्प बसलेली तीन मोठी माणसं तिला दिसली. तिने कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झडप काढली, एक कार्ड उचललं, आतल्या खाचेजवळ नेलं आणि परत खाटेवर ठेवलं. दुसरं उचलायचे कष्ट तिने घेतले नाहीत.

"बाबा, हे बसणार नाही."

"कुठलं, परीचं?"

"दोन्ही. आपला स्लॉट जुना आहे."

"जरा जोर लावून बघ," काळूराम पुढे झाला. "लूमचा नवा पार्ट पन आधी बसत न्हाय, मग हातोडीनं जरा—"

"मामा, हात मागे घ्या."

काळूरामने हात मागे घेतले.

"दुकानात तुम्हाला कुणी विचारलं नाही का, स्लॉट कुठला आहे ते?"

केसरीनाथ छताकडे बघू लागला. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"इचारलं ना," सीताबाई म्हणाली. "दोन येळा इचारलं. फोन कर पन म्हनाला."

"मग तुम्ही काय सांगितलंत बाबा?"

"नवा."

"पण का?"

केसरीनाथने छतावरून नजर खाली आणली. "नवा म्हनायला बरं वाटलं," तो म्हणाला.

उन्नतीला हसू येत होतं की रडू, हे तिचं तिलाही कळलं नसावं. ती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. "आठ दिवस राहिलेत," ती म्हणाली. "हिरामण काकांना आज मी सांगून आले, की काम वेळेत होईल. ते म्हणाले, केसरीचा शब्द हाय म्हनून मी निवांत हाय."

त्या वाक्याने केसरीनाथच्या तोंडचं उरलंसुरलं पाणी पळालं. रात्री तो नीट जेवला नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच जीप तिथे उभी होती. या वेळी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी उन्नती होती आणि दोन जाणती माणसं मागे. इश्तियाकने शटर वर केलं, पिशवीतून निघालेली कार्डं पाहिली आणि त्यांचा वास घेतला.

"हल्दी?"

"पूजा," केसरीनाथ म्हणाला.

"दाँतों पे?"

"काम दातांनी करतो ना तो," काळूरामने बाजू सांभाळली.

इश्तियाक काही बोलण्याआधी उन्नतीने त्याला आपल्या बोर्डाचं नाव सांगितलं. त्याने एक आकडा म्हटला. तिने नकाराची मान हलवून दुसरा म्हटला. त्याने तिसरा म्हटला आणि ती म्हणाली, "चलेगा." एवढंच. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. इश्तियाक आत गेला आणि एक तपकिरी खोका घेऊन आला. त्यावर ना परी, ना राक्षस. नुसती एक चिठ्ठी चिकटवलेली.

"पुराने स्लॉट का. लास्ट पीस. साढ़े ग्यारह."

"याला एकच पंखा," काळूराम खट्टू होऊन म्हणाला. "आनि चित्रबी न्हाय."

"कुठल्या कंपनीचं?" केसरीनाथने लेकीला विचारलं.

"परीवाल्या. पण तसं काही नाही बाबा, राक्षसवाल्यांचं जुन्या स्लॉटचं मिळालं असतं तरी मी घेतलं असतं. बसतं ते चांगलं."

आता राहिली जुनी दोन. इश्तियाक खोडरबर घेऊन परीच्या कार्डाचे दात घासू लागला. कुंकू निघालं, पण हळद चिवट होती. केसरीनाथ समोर उभा राहून बघत होता, जणू दात त्याचेच घासले जात होते. तेवढ्यात गळ्यात जाड चेन घातलेला एक माणूस आत आला. काल्हेरला लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचा तो. त्याला नव्या स्लॉटचं कार्ड हवं होतं. इश्तियाक फळीवरचा डबा काढायला वळला, पण त्या माणसाची नजर काउंटरवर गेली. तिथे राक्षसाचं कार्ड तसंच पडलं होतं. दातांवर हळद, वर कुंकू, पंख्यात सुकलेला झेंडू.

"हे पूजा केलेलं आहे का?"

काळूराम घाईने झेंडू काढायला पुढे झाला.

"मागच्या महिन्यात कार्ड नेलं, चौथ्या दिवशी जळलं," तो माणूस म्हणाला. "आई म्हणते, तसंच लावलंस, हळदकुंकू नाही केलंस. हेच द्या. फूल काढू नका, असू द्या."

त्याने पूर्ण पैसे मोजले आणि कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून निघून गेला. इश्तियाकने हातातलं खोडरबर खाली ठेवलं. परीचं कार्डही त्याने परत घेतलं, दोन्ही कार्डांचे पैसे फेडले आणि उरलेली हळद तशीच राहू दिली.

"चाचा," तो म्हणाला, "चाची को बोलो, हर जुम्मेरात को दुकान पे आ जाया करें. रिक्षा मैं भेजूँगा."

त्या दिवशी दुपारी तपकिरी खोक्यातलं कार्ड खट् करून खाचेत बसलं. सीताबाईने लांबूनच हात जोडले, कारण जवळ येऊ नकोस असं तिला लेकीने बजावलं होतं. बंगला सुरू झाला. सिंह मागे पडले, कुंडी मागे पडली, पोर्च आला. बंगला पहिली पायरी चढला, दुसरी चढला, तिसरी चढला आणि दरवाजा आपोआप उघडला. गडबडीत चपलांसकट आत आलेल्या केसरीनाथने त्याच क्षणी त्या काढून बाजूला सारल्या, आणि मग आपण आपल्याच घरात आहोत हे त्याच्या ध्यानात आलं.

अक्षय्य तृतीयेला कोनच्या त्या जागेवर मांडव पडला होता. गवत काढून जमीन सारवली होती, भटजी आले होते, कुदळीला दोरा बांधला होता. मांडवात एका टेबलावर हिरामण शेठचा मोठा टीव्ही आणून ठेवला होता आणि त्याला उन्नतीचा कॉम्प्युटर जोडला होता. काळूरामने चारी बाजूंनी आपल्या लूमचं कोरं कापड बांधून मांडवात अंधार केला होता. मुहूर्त दहा वाजून वीस मिनिटांचा होता. दहाला पाच कमी असताना उन्नतीने कळ दाबली.

बंगला चालू लागला. फाटक उघडलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनी पाय आत ओढून घेतले. दिवाणखान्यात झुंबर दिसलं तेव्हा कुणीतरी वर बघितलं. जिना चढून बंगला गच्चीवर गेला. गच्चीवर पाण्याची टाकी होती, ती पण साधी नाही, शीड लावलेल्या होडीच्या आकाराची. हिरामण शेठच्या आज्याची खाडीत होडी होती, तिची आठवण म्हणून.

हिरामण शेठने डोळे पुसले. "केसरी," तो म्हणाला, "तू शब्द पाळलास."

केसरीनाथने मिशीवरून हात फिरवला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याची मान आपोआप हलली.

"रांधायची खोली दाखव गो पोरी," मागून आवाज आला. हिरामण शेठची बायको जानकीबाई चहाच्या भांड्यावरून उठून, ओले हात पदराला पुसत पुढे आली होती.

उन्नतीने बंगला खाली आणला आणि स्वयंपाकघरात नेला. चकचकीत काळा ओटा, वर कपाटं, भिंतीवर फळांच्या टाइल्स. बायका पुढे सरकल्या. जानकीबाई डोळे बारीक करून बघत राहिली.

"मागलं दार कुठं हाय?"

"मागं दार न्हाय," हिरामण शेठ म्हणाला. "मागं गाड्या उभ्या राहतील."

"मग मी मसाला कुठं कुटू? बोंबील कुठं सुकवू?"

"गच्चीवर सुकव."

"गच्चीवर तुमी होडी ठेवलीय."

मांडवात कुणीतरी खोकलं. हिरामण शेठने भोवताली पाहिलं, पण सगळी माणसं टीव्हीत बघत होती.

"मासळी धुतली की पानी कुठं टाकायचं?" जानकीबाईने विचारलं. "झुंबराखालनं नेऊ बादली? पाव्हन्यांच्या समोरनं?"

हिरामण शेठ टीव्हीतल्या ओट्याकडे बघत राहिला. त्याने बंगला सहा महिने ठरवला होता. सिंहांचं तोंड कुठे, झुंबराला दिवे किती, होडीचं शीड कुठल्या रंगाचं, यासाठी त्याने ठाण्यापासून अलिबागपर्यंत माणसं गाठली होती. आणि जी बाई त्या घरात पहाटे पहिली उठणार होती, ती इतके दिवस चार हात अंतरावर चहा गाळत होती.

"पोरी," तो उन्नतीला म्हणाला, "मागं एक दार बसव ना पटकन. चित्रच हाय ते."

"बसवते काका. पण दार बसवलं की जिना सरकेल. जिना सरकला की दिवाणखाना लहान होईल. मग—"

"सरकू दे," जानकीबाई म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि उन्नतीच्या शेजारी बसली. सीताबाईने दुसरी ओढली. बघता बघता टेबलाभोवती बायकांचं कडं झालं आणि पुरुषांना टीव्ही दिसेनासा झाला. मग कुणी न सांगताच ते एकेक करून कापड वर सारत बाहेर उन्हात आले.

बाहेर कुदळ होती, भटजी होते आणि घड्याळ होतं. केसरीनाथ आणि हिरामण शेजारी शेजारी उभे राहिले. शब्द पाळला खरा, पण दोस्ताचा मुहूर्त चालला होता.

"हिरामण," तो म्हणाला, "राग नको मानू. पोरगी म्हनून—"

"राग कसला?" हिरामण शेठ म्हणाला. "भिंती उभ्या राहिल्यावर तिनं इचारलं असतं, तर काय केलं असतं रं मी?"

आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. मग उन्नतीचा आवाज आला, "आणि होडी?" त्यावर जानकीबाई काहीतरी बोलली आणि पुन्हा सगळ्याजणी हसल्या. ती काय बोलली ते बाहेर ऐकू आलं नाही. हिरामण शेठने कान टवकारले, पण पुढे जायची त्याची हिंमत झाली नाही.

भटजींनी घड्याळ पाहिलं आणि सोवळं सावरत ते पुढे आले. "शेठ, सव्वादहा होत आले. कुदळ मारायची ना? काय ते लवकर सांगा."

"मना काय इचारता?" हिरामण शेठ म्हणाला. "आत इचारा."